दोन सह्यांची तक्रार

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. आमच्या यीबिन शहरात कुणालाही विचारा, दोंग रुईशिया कोण, तर माणूस आधी कपाळाला हात लावेल आणि मग पत्ता सांगेल. खिडकीची जागा, रांगेत मध्ये घुसणारा मेला, आल्याच्या मापात मारलेला काटा, भांडायला मला काहीही चालतं. ह्याच गुणावर एकोणीस वर्षं माझं पोट चाललंय. पण गोष्ट माझी नाही. गोष्ट लाओ निंगची आहे.

लाओ निंग म्हणजे निंग शौयी. वय चोपन्न, शर्टाच्या खिशात दोन पेनं, दोन्ही न उमटणारी. आमच्या ‘जोडबदक सहल केंद्रा’चा मालक. नवरा-बायकोंच्या सहली आखून देणं हा त्याचा धंदा, आणि दुकान बरोबर नोंदणी कचेरीच्या समोर. ह्या कचेरीत लग्नाची नोंद होते आणि घटस्फोटाचीही, खिडकी तेवढी वेगळी. हसत बाहेर पडणारी जोडपी शेजारच्या फोटोवाल्याकडे जातात. तोंडं पाडून बाहेर पडणारी आमच्याकडे येतात. येतात म्हणजे काय, लाओ निंग त्यांना रस्त्यावरून ओढून आणतो.

त्याला कारण आहे. दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज दिला की कचेरी लगेच मोकळं करत नाही. तीस दिवस थांबा म्हणते, डोकी थंड करा. त्या तीस दिवसांत दोघांपैकी एकानेही अर्ज मागे घेतला तर तो रद्द. हा नियम आला त्या दिवशी लाओ निंगने दुकानात फटाके वाजवले होते. तेव्हापासून तो कचेरीच्या फाटकाशी उभा असतो, हातात पत्रकं घेऊन. “तीस दिवस घरात बसून एकमेकांची तोंडं बघणार का? फिरून या. तीन दरांत आहे, खिशाला झेपेल ते घ्या.”

स्वस्तातली सहल म्हणजे संथ हिरव्या गाडीने, लाकडासारख्या कडक बाकांवर बसून कुनमिंगला जायचं आणि तळ्याकाठी थंडीत येणाऱ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांना पाव भरवायचा. मधल्या दरात दालीचं तळं, भाड्याची स्कूटर आणि खिडकीतून पाणी दिसणारी खोली. महागात लीजियांग, समोर बर्फाचा डोंगर, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या.

हे झालं पत्रकावरचं. खरी गोम वेगळीच होती आणि ती फक्त दुकानातल्यांना ठाऊक होती. फार पूर्वी लाओ निंगने एक भांडकुदळ जोडपं कुनमिंगला पाठवलं होतं. गाडीत एका म्हातारीची बदकांची टोपली त्या दोघांच्या मांडीवर उलटली. म्हातारीने वर त्यांनाच शिव्या दिल्या. दोघं अशी काही एक होऊन म्हातारीशी भांडली की परत येताना हातात हात. लाओ निंगने त्या दिवशी एक सिद्धांत काढला आणि दुकानाचं नावही बदललं. लोकांना वाटतं ते नाव जोडीने पोहणाऱ्या बदकांवरून आहे.

“दोंगताई,” तो मला म्हणाला होता, “माणसं जवळ यायला गुलाब-बिलाब काही लागत नाही. तिसरा एक नालायक लागतो.”

मग काय, प्रत्येक सहलीत एक नालायक बसवला गेला. दालीच्या खानावळीत लाओ निंगचा चुलतभाऊ होता. तो पाहुण्यांना बूट काढायला लावायचा, मग मोजे बघून नाक धरायचा आणि आंघोळीच्या मध्यात गरम पाणी बंद करायचा. लीजियांगला एक निवृत्त नाटकवाला पांढरे हातमोजे घालून दिमतीला असायचा. तो एक शब्द वाकडा बोलायचा नाही. फक्त पाहुण्यांच्या बॅगेकडे बघून हळूच सुस्कारा सोडायचा. महागातला अपमान हळू आवाजात करावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. आणि स्वस्तातल्या गाडीत मी. एरवी मी मागच्या खोलीत तिकिटं काढत बसते, त्यामुळे गिऱ्हाईक मला ओळखत नाही. गाडीत समोरच्या बाकावर बसायचं, सूर्यफुलाच्या बिया खाऊन सालं त्यांच्या पायांवर थुंकायची, फोनवर मोठ्याने बोलायचं, खिडकी बळकवायची आणि वर विचारायचं, “मूल का नाही अजून?” तिसऱ्या स्टेशनापर्यंत बाई नवऱ्याच्या कानाशी लागलेली असायची. मला तेव्हा फार समाधान वाटायचं. वाटायचं, काय अभिनय करतेय मी!

परत आल्यावर जोडपी तणतणत दुकानात यायची. लाओ निंग शांतपणे छापील अर्ज पुढे करायचा. “तक्रार लिहा, थोडे पैसे परत मिळतील. मात्र दोघांच्या सह्या पाहिजेत. एका सहीची तक्रार आम्ही घेत नाही.” दोघं एकाच पेनाने, एकमेकांना शब्द सुचवत, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ते कागद लाओ निंगने चौकटी करून भिंतीवर लावलेत. तीनशे बारा तक्रारी, सगळ्यांवर दोन-दोन सह्या. आमचं प्रशस्तिपत्र ते तेच.

आता ह्या माणसाचं स्वतःचं घर कसं असेल? आमच्या सिच्वान प्रांतात बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला मऊ कानाचा म्हणतात. लाओ निंगचा कान गावातल्या सगळ्या बायकांसाठी मऊ, घरच्या बाईसाठी दगड. घरची बाई म्हणजे गुईझन. आमच्या दुकानामागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून, तिचं नूडल्सचं दुकान आहे. कोरड्या नूडल्स, वर मिरचीचं तेल, दाण्याचा कूट, खारवलेली मोहरीची पानं. मी रोज दुपारी तिच्याकडे जेवायची. ती माझी मैत्रीण होती. माझ्यासारखीला मैत्रीण असणं ही साधी गोष्ट नाही, मला तेवढी एकच होती.

बावीस वर्षांत त्याने तिला नदीपलीकडेही नेलं नव्हतं. कारण काय, तर ह्या सहलवाल्याला गाडी लागते. बसमध्ये चढला की ओकतो. दाली, लीजियांग, कुनमिंग, त्याने काही म्हणता काही पाहिलेलं नाही. सगळं नकाशावर. समुद्रपक्ष्यांचं वर्णन मात्र असं करायचा की ऐकणाऱ्या बाईचे डोळे ओले व्हायचे, आणि भिंतीपलीकडे नूडल्स उकडणारी गुईझनही ते दर हिवाळ्यात ऐकायची.

तिच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने तिला पाकीट दिलं. आत आमच्याच दुकानाचं सवलतीचं कूपन निघालं. दोघांसाठी, पंधरा टक्के सूट. मुदत संपून महिना झालेला.

गुईझनने कूपन परत पाकिटात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हणाली, “ओळखपत्र घे आणि चल समोर.” हा निघाला. वाटेत त्याला गिऱ्हाइकाचा फोन आला. खिडकीशी पोहोचला तरी फोन कानालाच. “हो हो, पाकळ्या खऱ्याच असतात, प्लास्टिकच्या नाहीत.” गुईझनने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. खिडकीतली बाई विचारतेय, स्वखुशीने का? हा फोनमध्ये म्हणतोय, अगदी, अगदी! दुकानात येऊन त्याने हातातला कागद वाचला आणि मटकन खाली बसला.

“दोंगताई, ही माझीच सही आहे का हो?”

“तुमचीच. पेन उमटलं म्हणजे कचेरीचं असणार.”

मला हसू येत होतं. पण तो रडायला लागला, आणि चोपन्न वर्षांचा माणूस पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून रडताना बघवत नाही. मी म्हटलं, “अहो, तुम्ही स्वतःच जाऊन मागे घ्या ना अर्ज. नियम तुम्हीच तर पाठ केलाय.”

“मी घेऊन काय उपयोग? माझी सही अशीच पडली होती, तशीच उचलली जाईल. तिची मनापासून आहे. तिने उचलायला हवी. आणि तीस दिवसच आहेत.”

मग त्याने तेच केलं जे त्याला येतं. तिन्ही पत्रकं घेऊन नूडल्सच्या दुकानात गेला. मी तिथेच जेवत होते.

“गुईझन, फिरायला जाऊ. लीजियांग. सगळ्यात महागातली.”

तिने नूडल्स गाळता गाळता विचारलं, “मला गिऱ्हाईक समजतोस?”

“नाही गं.”

“मग दर कशाला दाखवतोस? स्वस्तातली घे. बावीस वर्षांत माझ्यावर जेवढं केलंस त्यात तेवढीच बसते.” मग गाळणी खाली ठेवून म्हणाली, “ते पक्षी बघायचेत मला. पक्षी बघेन आणि तिसाव्या दिवसानंतर घटस्फोटाचा कागद घेईन. उगाच आशा लावून बसू नकोस.”

एकविसाव्या दिवसाची तिकिटं निघाली. आदल्या दिवशी लाओ निंग माझ्या टेबलाशी आला. “दोंगताई, तुम्ही पण.”

मी उडालेच. “डोकं फिरलं का तुमचं? ती मला ओळखते! रोज तिच्या हातचं जेवते मी! तिला तुमचा सिद्धांतही ठाऊक आहे, तुमच्या दुकानाला आतून-बाहेरून ओळखते ती.”

“टोप घाला. काळा चष्मा लावा. नेहमीसारखंच करा, बास.” त्याने दोन्ही वस्तू माझ्या टेबलावर ठेवल्या. “माझ्याकडे दुसरं काही नाहीये हो.”

नाही म्हणवेना. गेले.

सकाळची गाडी. मी कुरळा टोप, हा एवढा काळा चष्मा आणि तोंडावर मास्क अशा अवतारात खिडकीशी बसले. दोघं आली. गुईझनने पिशवी वर ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “रुईशिया, चष्मा काढ. बोगद्यात आपटशील कुठेतरी.”

झालं! संपली योजना. मला इतकं हसू फुटलं की टोप मांडीवर पडला. गुईझनही हसली, किती दिवसांनी. नवऱ्याला म्हणाली, “सरक तिकडे, कडेला बस,” आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी बियांची पुडी उघडली. पुढचे चार तास आम्ही दोघींनी मिळून लाओ निंगला सोललं.

“ह्याने माझ्या आईच्या साठीला काय पाठवलं माहितीये? पत्रक. ‘ज्येष्ठांसाठी खास’!”

“मला तर पगाराच्या पाकिटात घालतात पत्रक.”

“एकदा ताप आला मला. म्हटलं, जरा जवळ बस. तर म्हणाला, किती वेळ, अर्धा दिवस की पूर्ण?”

समोरच्या बाकावरचे लोकही हसायला लागले. एका माणसाने बिया मागून घेतल्या. लाओ निंग कडेला बसून पक्ष्यांसाठी आणलेला पाव छातीशी धरून होता. रंग हिरवा पडत चाललेला. मला वाटलं, सिद्धांत खरा ठरला की! दोन माणसं एक झाली, तिसरा नालायक सापडला. फक्त जोडी चुकली. गुईझन तर म्हणाली, “कुनमिंगला आपण दोघीच फिरू. ह्याला स्टेशनवर बसवू.”

यानजिन स्टेशननंतर बोगदेच बोगदे लागले. उजेड, अंधार, उजेड, अंधार. लाओ निंगने पिशवी तोंडाला लावली आणि ओकला. मग पुन्हा ओकला.

तिथे माझी जीभ सुटली. इतका वेळ सगळे हसत होते, मला चेव चढला होता. मी म्हटलं, “बघा हो बघा! हा सहलीचा मालक! एकोणीस वर्षं दुसऱ्यांना पक्षी विकतोय आणि ह्याला साधं गाडीत बसता येत नाही. शी! गुईझन, असल्या माणसापायी बावीस वर्षं घालवलीस? मी असते तर पहिल्याच आठवड्यात हाकलला असता. बाईला द्यायला ह्याच्याजवळ आहे काय? मुदत संपलेलं कूपन! पुढच्या स्टेशनात उतरवून टाक. कुणी उचलायलाही येणार नाही.”

लोक हसले. गुईझन हसली नाही.

ती उठून त्याच्याकडे गेली. कोटाच्या खिशातून संत्र्याची साल काढली, नखाने मोडली आणि त्याच्या नाकाशी धरली. घरून आणली होती. कागद घ्यायला निघालेल्या बाईने सकाळी संत्रं सोलून साल खिशात ठेवली होती. मी ते पाहिलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझं तोंड लक्षापेक्षा पुढे धावतं.

“गुईझन, अगं लाड कसले करतेस त्याचे? ओकू दे मेल्याला!”

“तोंड सांभाळ, रुईशिया.”

“अगं, मी तुझ्याच बाजूने—”

“माझ्या बाजूने? तू कोण लागून गेलीस माझी बाजू घेणारी? तो ओकतोय तो माझ्या पिशवीत. तुझ्या मांडीवर ओकला का? बावीस वर्षं मी पुसतेय, तुला कधी बोलावलं पुसायला? गाडी लागते हे ठाऊक असून सकाळपासून बसलाय तो इथे, कुणासाठी? तुझ्यासाठी?” तिचा आवाज चढत चालला होता. “मूर्ख आहे तर आहे! अजून नऊ दिवस माझा आहे. सरकारी कागदावर लिहिलंय. नऊ दिवसांनी ये आणि काय बोलायचं ते बोल! आणि ऊठ तिथून. खिडकी त्याला पाहिजे.”

एवढ्यावर गप्प बसून उठले असते तर मी दोंग रुईशिया कसली? मी म्हटलं, “तिकीट माझं आहे. खिडकी माझी.”

मग जे झालं ते सगळ्या डब्याने पाहिलं. तिने माझा टोप बाहेर भिरकावला. मी तिच्या हातातल्या बिया सांडल्या. ती मला म्हणाली, म्हणूनच तुझ्याकडे माणूस टिकला नाही. मी म्हटलं, तुझ्या नूडल्सना चव नाही, कीव येते म्हणून खाते. तेव्हा लाओ निंग पिशवी हातात धरून, डळमळत उभा राहिला आणि मला म्हणाला, “दोंगताई, माझ्या बायकोच्या नूडल्सना नाव ठेवायचं नाही.” एवढं बोलून पुन्हा ओकला. गुईझनने त्याची पाठ धरली आणि दोघं मिळून माझ्यावर ओरडू लागली. शेवटी गाडीतल्या रक्षकाने मला शेवटच्या डब्यात नेऊन बसवलं.

तिथे एका माणसाच्या कोंबड्यांशेजारी बसून मी रडले. खोटं कशाला सांगू? राग आला म्हणून नव्हे, वाईट वाटलं म्हणून.

कुनमिंगला मी त्यांना लांबून एकदा पाहिलं. तळ्याकाठी लाओ निंगने पाव वर धरला, पक्षी झेपावला, ह्याने किंकाळी फोडून पाव टाकला आणि गुईझनच्या मागे लपला. पक्षी एवढे मोठे असतात हे नकाशात नव्हतं. गुईझन हसून हसून खाली बसली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी दुकानाच्या काचेतून बघत होते. दोघं रस्ता ओलांडून कचेरीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली. इतका वेळ का लागला म्हणाल, तर लाओ निंग घाबरून लग्नाच्या रांगेत उभा राहिला होता. गुईझनने स्वतःच्या हाताने अर्ज मागे घेतला. ती दारात आली, काचेतून मला पाहिलं आणि मान फिरवून गल्लीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लाओ निंगने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. तक्रारीचा छापील अर्ज. अक्षर गुईझनचं. ‘सदर बाई उद्धट असून तिने आजारी माणसास गाडीतून उतरवण्याची भाषा केली. खिडकी सोडली नाही. नूडल्सविषयी खोटे बोलली.’ खाली दोन सह्या.

“वाचून केलीत का ह्या वेळी?” मी विचारलं.

“तीनदा वाचली.”

मी कागद बाजूला ठेवला. “खरं सांगा. माझी जीभ अशी सुटेल, हे तुम्हाला आधीच माहीत होतं? ती ओळखणार हेही?”

त्याने खिशातल्या पेनांशी चाळा केला. “एकोणीस वर्षं ओळखतो तुम्हाला, दोंगताई. टोप-चष्मा मी उगाच दिला होता. तुम्हाला अभिनय कुठे येतो?”

घ्या! आणि मी इतकी वर्षं स्वतःला नटी समजत होते.

“मग आता मी तिच्याकडे जाते,” मी उठले. “पाया पडते, माफी मागते. सगळं तुमचं कारस्थान होतं म्हणून सांगते.”

तो दाराशी आडवा उभा राहिला. डोळ्यांत पाणी. “नका हो. इतक्यात नका. रोज संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसतो आणि तुम्हाला शिव्या घालतो. तासन्‌तास. बावीस वर्षांत इतकं कधी बोललो नव्हतो. तुम्ही चांगल्या झालात तर आम्ही बोलायचं काय?”

“आणि माझं काय? मी दुपारी जेवायचं कुठे?”

त्याने ती तक्रार चौकटीत घालून भिंतीवर लावली. तीनशे तेरावी.

आता मी दर शनिवारी नूडल्सच्या दुकानात जाते. गिऱ्हाईक म्हणून, पैसे देऊन, कोपऱ्यातल्या टेबलावर. गुईझन वाडगा माझ्यापुढे आपटते आणि एक शब्द न बोलता आत जाते. मी दोन घास खाते आणि ओरडते, “मीठ कमी! तेल शिळं! ह्याला नूडल्स म्हणतात का?” मग आतून तिचा आवाज येतो, “आली बघ भवानी!” आणि त्याचा येतो, “दुर्लक्ष कर गं, तिची जीभच मेलीये,” आणि दोघं खुसखुसत राहतात.

गेल्या शनिवारी नूडल्स फार सुरेख झाल्या होत्या. दाणे नुकते भाजलेले होते. मी वाडगा चाटूनपुसून संपवला, पैसे ठेवले आणि दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की इतकं वाईट मी जन्मात खाल्लं नाही.